माझ्या पोटातला दात

मित्रांनो, मी एक जुना ज्यूकबॉक्स आहे आणि माझ्या पोटात एका माणसाचा दात आहे. बाकी सगळं शेजारच्या पाटीवर लिहिलं आहे: कुठे बनलो, नाणं टाकल्यावर वाजणाऱ्या किती तबकड्या मावतात, वजन किती. काचेला जो आडवा तडा आहे त्याबद्दल पाटी म्हणते, ‘दीर्घ वापरामुळे झालेली झीज’. संग्रहालयातली माणसं सभ्य असतात.

दाताची गोष्ट सांगायचा माझा विचार नव्हता. पण काल तुमची शाळा आली होती. बाई पुढच्या दालनात गेल्या, तेवढ्यात तुमच्यातल्या एका दांडगटाने दुसऱ्याची मान धरली. ‘बायल्या, लाव ना तुझं गाणं,’ म्हणाला आणि त्याचं कपाळ माझ्या काचेवर आपटलं. फार जोरात नाही. बाकीचे हसले. ज्याचं कपाळ आपटलं तोही हसला, कारण लगेच हसून घेतलं की दुसऱ्यांदा आपटत नाहीत, हे त्याला आधीपासून माहीत असावं. मित्रांनो, हाड काचेवर आपटल्याचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. म्हणून सांगतो.

दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाल्यावर माझा जन्म झाला. माझ्या क्रोमच्या पट्ट्या ज्या यंत्रावर वाकवल्या, त्याच यंत्रावर आधी तोफगोळ्यांची टोपणं बनत. देशाला तेव्हा गाण्यांची फार गरज होती, कारण गप्प बसलं की लोकांना आठवायचं. मला एका गाडीत घालून जर्मनीतल्या एल्बे नदीकाठच्या बंदरात आणलं आणि ‘नांगर’ नावाच्या गुत्त्यात भिंतीला टेकवून उभं केलं.

गुत्ता फ्रीडेमावशीचा होता. मावशी म्हणजे सगळ्यांचीच मावशी. सख्खं कोणी नव्हतं. ती आधी मासळीबाजारात हेरिंग फाडायची, आणि तिचे दंड पाहून उधारी कोणी मागत नसे. दिवसा तिच्याकडे गोदीतले हमाल यायचे. संध्याकाळी, ज्यांना दुसरीकडे कुठे जाता येत नसे ते यायचे: पुरुषांवर जीव असलेले पुरुष आणि बायकांवर जीव असलेल्या बायका. पुरुषाने पुरुषावर प्रेम केलं तर तेव्हा तुरुंग होता. हा कायदा आधीच्या राजवटीने कडक केला होता. ती राजवट गेली, तिचे पुतळे गेले, झेंडे गेले. हा कायदा मात्र चांगला टिकाऊ निघाला.

आता विओला टॉर्नबद्दल सांगायला हवं. ती त्या काळची मोठी नटी. आवाज पुरुषासारखा खोल, आणि प्रत्येक सिनेमात शेवटी मरायची. मित्रांनो, प्रेम कसं करतात हे माणूस घरात बघून शिकतो, शेजारी बघून शिकतो, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवरून शिकतो. ‘नांगर’मधल्या मंडळींना बघायला कोणीच नव्हतं. म्हणून ती सिनेमाला जायची. सिगरेट कशी धरायची, कोणाची वाट बघताना कुठे उभं राहायचं, सोडून जाताना काय म्हणायचं, हे सगळं त्यांनी विओलाकडून घेतलं. दोन धिप्पाड हमालांचं भांडण झालं, की त्यातला एक दारात थांबून, मागे न बघता, खांद्यावरून एक वाक्य टाकून जायचा. ते कुठल्या सिनेमातलं आहे हे सगळ्यांना माहीत असायचं. मागे राहिलेल्याने कधी रडायचं, हेही.

आन्सगार मोठ्या कापडदुकानाच्या दर्शनी काचेत बाहुल्यांना कपडे चढवायचा. बारीक, बडबड्या, विओलासारखी एक भुवई उचलणारा. हिनर्क गोदीत क्रेन चालवायचा. तो बोलायचा कमी, कारण क्रेनच्या खोपटात बोलायला कोणी नसतं. दोघं माझ्याच शेजारी उभे राहून पहिल्यांदा बोलले.

‘विओलाचा नवा पाहिलात?’ आन्सगारने विचारलं.

‘पाहिला.’

‘मग?’

‘शेवटी मरते.’

‘अहो, ती नेहमीच मरते. कशी मरते ते विचारतोय मी.’

हिनर्कने विचार केला. ‘बराच वेळ लावून,’ तो म्हणाला.

आन्सगारला इतकं हसू आलं की बिअर नाकातून बाहेर आली. तिथून पुढे अहो-जाहो संपलं.

पोलीस अधूनमधून यायचे. पुरुष पुरुषाबरोबर नाचताना दिसला की गुत्त्याचा परवाना जायचा आणि नाचणारा आत जायचा. त्यावर मावशीने उपाय काढला होता. गल्ल्याशेजारच्या खिडकीतून गल्ली दिसायची, आणि गल्ल्याखाली तिने विजेच्या तारा जोडणाऱ्या एका तारवाल्याकडून एक कळ बसवून घेतली होती. ती दाबली की माझं चालू गाणं कापलं जायचं आणि के-सात लागायचं. के-सात म्हणजे विओला टॉर्नचं ‘दीपगृहाची राखणदार’. त्याचा पहिलाच सूर इतका खोल की माझा तळ थरथरायचा, आणि लगेच ती म्हणायची: आता हात सोड, भरती आली.

तो सूर लागला की सगळ्यांनी हात सोडायचे. पुरुषाने पुरुषाचा, बाईने बाईचा. मग प्रत्येक पुरुषाने एक बाई धरायची आणि वॉल्ट्झ सुरू करायचा. हे बदलीचे जोडीदार लग्नं ठरावीत तसे ठरलेले होते. हिनर्कच्या वाट्याला गेशे आली होती. ती ट्रामवर कंडक्टर होती आणि तिचा आवाज तसाच होता.

‘पाय बघ, घोड्या.’

‘तूच पुढे नेतेस. मी काय करू?’

‘मीच नेणार. गर्दी हलवायची सवय आहे मला. हस जरा, तो बघतोय.’

तो म्हणजे फौजदार ब्रोडरसेन. तो दारात उभा राहायचा, सभ्य जोडपी बघायचा, टोपी काढायचा आणि थोडा वेळ गाणं ऐकायचा. विओला त्यालाही आवडायची. मग तो निघून जायचा, मावशी गाणं बंद करायची आणि सगळे आपापल्या माणसाकडे परत जायचे. त्यामुळे ‘दीपगृहाची राखणदार’ त्या गुत्त्यात कोणी पूर्ण ऐकलं नव्हतं. आणि नेमकं तेच गाणं आन्सगारला सगळ्यात जास्त आवडायचं.

‘मावशी, गजराला दुसरं काहीतरी घ्या,’ तो एकदा म्हणाला. ‘एखादं पोल्काचं नाचगाणं घ्या.’

‘पोल्काने कोणाचे हात सुटलेत आजवर? निम्म्यांना कळणारसुद्धा नाही. हे पहिल्या सुराला कळतं. आणि ती स्वतःच सांगते, हात सोड म्हणून.’

‘मला एकदा त्याच्याबरोबर याच्यावर नाचायचंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत.’

‘घरी नाच.’

‘घरी खालची म्हातारी काठीने छत ठोकते.’

‘मग तिच्या तालावर नाच,’ मावशी म्हणाली आणि ग्लास पुसायला लागली.

मित्रांनो, हसू नका. कोणाला घर हवं असतं, कोणाला मूल हवं असतं. याला तीन कडव्यांचं एक गाणं हवं होतं, ज्यात कोणी त्याच्या माणसाचा हात त्याच्या हातातून काढून घेणार नाही. त्या शहरात ही मागणी घरापेक्षा आणि मुलापेक्षा महाग होती.

मग जूनमधल्या एका शनिवारी रेडिओवर बातमी आली. विओला टॉर्न मेली. या वेळी खरोखर.

संध्याकाळी ‘नांगर’ भरून गेला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं आणि आत सगळे काळ्या कपड्यांत. आन्सगारने दुकानातल्या बाहुलीची काळी जाळी डोक्यावरून घेतली होती. टपाल कचेरीतला एक जाडा कारकून हुंदके देत होता.

‘काय गं, नवरा मेल्यावर तरी एवढी रडशील का?’ त्याला कोणीतरी म्हणालं.

‘नवरा मेला तर दुसरा मिळेल,’ कारकून म्हणाला. ‘ही कुठून आणू?’

आन्सगार गल्ल्यापाशी गेला. त्याला काही बोलावं लागलं नाही. मावशी त्याच्याकडे बघत राहिली.

‘आणि पोलीस आले तर?’

‘मावशी, आज कुठले पोलीस? तेही घरी रेडिओसमोर बसून रडत असतील.’

सगळ्यांना हे पटलं. विओलासाठी जग एक दिवस थांबणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. मावशीने मान हलवली. आन्सगारने माझ्यात नाणं टाकलं आणि के-सात दाबलं.

पहिल्या सुराला, सवयीने, सगळ्यांचे हात सुटले. हिनर्क तर गेशेच्या दिशेने अर्धं पाऊल गेलासुद्धा. ‘इकडे कुठे, तिकडे जा,’ गेशे म्हणाली. सगळे स्वतःवरच हसले आणि परत वळले. हिनर्कने आन्सगारचा हात धरला. क्रेनवाल्याचा पंजा होता तो. आन्सगारचा अख्खा हात त्यात दिसेनासा झाला. सगळे नाचत होते, रडत होते आणि भसाड्या आवाजात गात होते. मावशी खिडकीतून बघून ओरडली असेल, तर ते कोणाच्या कानावर गेलं नाही. दुसरं कडवं सुरू झालं, आणि गाणं मध्येच कापलं जाऊन पुन्हा पहिल्यापासून लागलं.

दुसऱ्या कुठल्याही लोकांना कळलं असतं. या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने वन्स मोर दिला, असं त्यांना वाटलं. मावशी कळ दाबत होती, आणि ते तिला हात करून दाद देत होते.

मग दार आत कोसळलं.

पहिला दंडुका कारकुनाच्या कानावर बसला. कान मुळापासून फाटून लोंबायला लागला, तरी तो गातच होता, कारण त्याला अजून समजलं नव्हतं. एका मुलीला केसांना धरून टेबलावरून ओढलं. टेबलावर फुटलेले ग्लास होते. कोणीतरी संडासाच्या खिडकीतून उडी मारली. त्याचं हाड मोडल्याचं आतपर्यंत ऐकू आलं. फरशीवर बिअर आणि रक्त मिसळलं की ते फार निसरडं होतं. पोलीसही त्यावरून घसरत होते, आणि घसरले की चिडून आणखी मारत होते.

फौजदार ब्रोडरसेन सगळ्यांत शेवटी आत आला. त्याच्या दंडावर काळी फीत होती. डोळे सुजलेले होते. आन्सगारचा अंदाज बरोबर होता: तो खरंच रेडिओसमोर रडून आला होता. आणि त्याचाही अंदाज बरोबर होता: विओला मेली म्हणजे ही मंडळी आज कुठे सापडणार, हे ओळखायला गुप्तहेर लागत नव्हता.

‘तिच्या गाण्यावर,’ तो म्हणाला. ‘आजच्या दिवशी. तिच्या गाण्यावर, तुम्ही.’

मंडळी भिंतीला टेकली होती. मध्ये फक्त हिनर्क आणि आन्सगार होते. हिनर्कने अजून हात धरलेला होता.

‘हात सोड,’ ब्रोडरसेन म्हणाला.

विओला टॉर्नही त्या क्षणी नेमकं तेच म्हणत होती. हिनर्कने दोघांचंही ऐकलं नाही.

दंडुका बोटांवर बसला. बोट मोडतं तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. दुसऱ्या दणक्याला दुसरं मोडलं.

‘सोड रे,’ आन्सगार म्हणत होता. ‘हिनर्क, सोड. मारतील तुला.’

‘गाणं संपू दे,’ हिनर्क म्हणाला.

ब्रोडरसेनने त्याचे केस धरले आणि त्याचं तोंड माझ्या काचेवर आपटलं. काच धरून राहिली. त्याने पुन्हा आपटलं, सगळं वजन घालून. या वेळी काच तडकली, ओठ फाटला, आणि समोरचा एक दात मुळासकट निघून फटीतून माझ्या आत आला. तो फिरत्या तबकडीवर पडला, सुईला लागला, उडाला आणि खाली यंत्रात कुठेतरी गेला. गाणं तिथेच थांबलं. शांततेत हिनर्क वळला आणि त्याने धड असलेल्या हाताच्या कोपराने फौजदाराचं नाक चेहऱ्यात घातलं. मग चौघांनी त्याला खाली पाडलं. बूट पोटात बसताना आधी तो ओरडत होता. नंतर नुसता श्वास बाहेर पडत होता. नंतर तोही ऐकू येईना.

मला मुद्देमाल म्हणून जप्त केलं. आरोपपत्रात माझा उल्लेख ‘अनैतिक कृत्यास उत्तेजन देणारे यंत्र’ असा होता. आयुष्यात माझं एवढं कौतुक कोणी केलं नाही.

मला ठेवलं पोलिसांच्या गोदामात, आणि मी चालू यंत्र असल्यामुळे आणि गोदामात वीज असल्यामुळे दर नाताळच्या मेजवानीला मला बाहेर काढू लागले. ब्रोडरसेन के-सात लावायचा आणि बायकोबरोबर नाचायचा. वाकड्या नाकातून श्वास घेताना त्याची शिट्टी वाजायची. पण नाचायचा हळुवार. बायको त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे पुसायची. खोल सूर लागला की माझ्या तळातून बारीक खडखड यायची.

‘आत काहीतरी सुटलंय,’ तो म्हणायचा आणि मला तळहाताने थोपटायचा.

तिसरं कडवं मी पोलिसांना दर नाताळात ऐकवलं. माझ्यात निवडायची सोय नाही. बटण दाबलं की वाजतं.

हिनर्कने फौजदारावर हात टाकला होता, म्हणून तो जास्त दिवस आत राहिला. सुटला तेव्हा उजव्या हाताची बोटं वाकडीच जुळली होती. क्रेनचा दांडा त्यांत बसेना, म्हणून तो मासळीच्या पेट्या वाहू लागला. आन्सगारला दुकानाने काढलं. तो घरी बसून नाटकवाल्यांचे कपडे शिवू लागला. दोघं आतेभाऊ म्हणून एका घरात राहत. रेडिओवर विओला लागली की हिनर्क उठून रेडिओ बंद करायचा.

मग कायदा सैल झाला. ज्यांना आत टाकलं होतं त्यांना ‘आमचं चुकलं’ असं मात्र कोणी म्हणालं नाही. पोलिसांनी गोदाम रिकामं करायला लिलाव काढला आणि फ्रीडेमावशीने मला परत विकत घेतलं. ‘नांगर’ला परवाना परत मिळाला आणि मी पुन्हा त्याच भिंतीला लागलो. मावशीने तारवाला बोलावून कळही परत जोडून घेतली. आता कशाला, असं लोकांनी विचारलं. ‘असू दे,’ ती म्हणाली.

आता तरणी पोरं यायची, पापण्यांवर चमकी लावून. त्यांना विओला म्हणजे गंमत वाटायची. ते के-सात लावून, छातीवर हात ठेवून, तिच्यासारखे डोळे मिटून मरायचे.

‘आजोबा, हिच्यावर तुम्ही खरंच रडायचात?’ एकाने आन्सगारला विचारलं.

‘हिच्यावर नाही रे. हिच्याआडून.’

आन्सगार दर वेळी हिनर्ककडे बघायचा. हिनर्क मान हलवायचा. ‘त्या गाण्यावर माझे हात चालत नाहीत,’ म्हणायचा आणि गाणं संपेपर्यंत बाहेर गल्लीत जाऊन उभा राहायचा. एकदा आन्सगार फार मागे लागला, तर हिनर्कने हातातला ग्लास इतका आवळला की तो फुटला आणि काच तळव्यात रुतली. त्यानंतर बराच काळ विषय निघाला नाही.

आणि मग एका ऑक्टोबरात, आन्सगारच्या वाढदिवसाला, हिनर्क स्वतः उठला. नाणं टाकलं. वाकड्या बोटाने बटण दाबायला त्याला वेळ लागला. पोरांना गोष्ट माहीत होती. ती गप्प झाली आणि त्यांनी जागा करून दिली.

त्या वर्षी टीव्हीवर एक विनोदवीर फार चालायचा. मनगट लचकवून, कंबर वळवून यायचा आणि ‘अय्या, माझं नख’ म्हणायचा. एवढाच विनोद. शनिवारी सगळा देश हसायचा. खरं सांगायचं तर ‘नांगर’मध्येही हसायचे, आपण टीव्हीवर दिसतोय हेच काय कमी, असं त्यांना वाटे. त्या संध्याकाळी आपला फुटबॉल संघ हरला म्हणून चिडलेली एक टोळी गल्लीत शिरली. डोकी भादरलेली, हातांत कांबी. ती ‘अय्या, माझं नख’ म्हणत म्हणतच आली.

मावशीने खिडकीतून बघितलं आणि हात सवयीने कळीवर गेला. गाणं पहिल्यापासून लागलं. पोरांना काहीच कळलं नाही. म्हाताऱ्यांना कळलं, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांचे पाय आपोआप हलले. हिनर्कने आन्सगारचा हात सोडला आणि समोर बघतो तर गेशे त्याच्या मिठीत.

‘अरे, हे पोलीस नाहीत,’ गेशे म्हणाली.

‘मग?’

‘मग स्टूल उचल.’

मित्रांनो, कांब डोक्यात घालताना माणूस विनोद करू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. ‘अय्या,’ म्हणायचे आणि हाणायचे. चमकी लावलेल्या एका पोराचा जबडा एका बाजूला सरकला. त्याला ओरडायचं होतं, पण तोंड मिटेना आणि उघडेना. गेशेने एकाच्या तोंडावर ग्लास फोडला. हिनर्कने स्टुलाने एकाचा गुडघा उलट्या दिशेला वाकवला. आन्सगार, ज्याने जन्मात कोणाला चापट मारली नव्हती, त्याने कात्री काढली आणि एका मांडीत मुठीपर्यंत खुपसली. शिंप्याला कुठे कापायचं ते कळतं.

ते पळाले. जाताना शेवटच्याने गल्ल्यावर एक कांब हाणली. मावशी तिथेच उभी होती.

ती पुढे कोसळली, आणि तिचं वजन कळीवर पडलं. त्यामुळे गाणं पहिल्यापासून लागायचं, एक ओळ व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आता हात सोड. आता हात सोड. हिनर्कने तिला उचलेपर्यंत मी तेच म्हणत होतो. ती इस्पितळात गेली आणि परत आली नाही.

‘नांगर’ बंद झाला. मी एका तळघरात बरीच वर्षं काढली. उंदरांनी माझ्या तारा खाल्ल्या. उपेक्षेबद्दल या ठिकाणी थोडं रडायचं असतं, पण खरं सांगतो, तिथे मला कोणी मारलं नाही.

मग संग्रहालयाने मला आणलं. फेन्या नावाची एक मुलगी माझी दुरुस्ती करायला आली. तिने तारा बदलल्या, सुई बदलली, के-सात लावलं आणि कान माझ्या पोटाला लावला. मग मला उघडून, चिमट्याने, यंत्राच्या कोपऱ्यातून तो दात काढून दाखवला. तेव्हा दोन म्हातारे खुर्च्यांवर बसले होते. त्यांना जुन्या दिवसांबद्दल बोलायला बोलावलं होतं.

हिनर्कने दाताकडे बघितलं. जीभ वरच्या ओठाखाली गेली.

‘माझा आहे तो,’ तो म्हणाला.

फेन्याने चिमटा त्याच्यापुढे केला. ‘तुम्हाला परत हवाय का?’

‘आता काय करू त्याचं? सगळी कवळी बसवलीय. ठेव होता तिथे.’

‘पण खडखड होईल.’

‘होऊ दे. माझा आवाज तेवढाच आहे त्या गाण्यात.’

तिने दात परत ठेवला. आन्सगारने आयुष्यभर जे मागितलं होतं ते मागायचं आता सोडून दिलं होतं. तेव्हा हिनर्क खुर्चीच्या हातावर भार देऊन उठला, त्याच्यासमोर गेला आणि वाकडा पंजा पुढे केला.

‘चल. पोलीस आले तर ही बघून घेईल.’

‘मी बघून घेईन,’ फेन्या म्हणाली आणि खरोखर दारात जाऊन उभी राहिली.

के-सात लागलं. पहिला सूर आला, माझा तळ थरथरला, दात खडखडला, आणि हिनर्कचे हात सुटायला लागले. मी पाहिलं. बोटं उघडत होती. आन्सगारने ती दोन्ही हातांनी धरून मिटवली. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. दोघं नाचत नव्हते खरं तर, नुसते डुलत होते. गुडघे तेवढंच करू देत होते. दार कोणी तोडलं नाही.

मग तिसरं कडवं आलं. त्यात विओला म्हणते: ओहोटी लागली, बोट परत आली, आता धर हात.

हिनर्क थांबला. ‘शेवटी हे असं आहे?’

‘हो.’

‘इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?’

‘तू रेडिओ बंद करायचास, गाढवा.’

गाणं संपलं, सुई उचलली गेली, तबकडी जागेवर गेली. दोघं तसेच उभे होते.

‘पुन्हा लावू का?’ फेन्याने दारातून विचारलं.

‘नको,’ हिनर्क म्हणाला. पण त्याने हात सोडला नाही, आणि शेवटी फेन्यानेच दोघांच्या टोप्या आणून त्यांच्या डोक्यांवर घातल्या, कारण घालायला कोणाचाच हात मोकळा नव्हता.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगायचं असतं. तर घ्या. मला कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या नको. नाणं लागत नाही, बटणं चालतात. खडखड ऐकू आली तर दुरुस्तीवाल्याला बोलावू नका. आणि काल ज्याचं कपाळ आपटलं, त्याची नजर आपटण्याआधी कुठे होती ते मी पाहिलं आहे: तो गाण्यांची नावं वाचत होता. तो पुन्हा आला, तर त्याला एखादं लावू द्या. माझ्यासमोर दोरी आहे आणि ‘हात लावू नका’ अशी पाटी आहे. ती माझ्यासाठी लावली आहे, पण मला आता तिची गरज नाही. गाणं संपेपर्यंत ती त्याच्यासाठी आहे असं समजा.